बारशाआधीचा दात

पुण्याला परत येऊन आता बरेच दिवस झाले. माझ्या दवाखान्यातल्या मुली विचारतात, "मॅडम, नगरची ट्रिप कशी झाली?" मी खर्ड्याचा किल्ला, संगमनेरचा चहा, राजूरचे पेढे असं काहीबाही सांगते आणि पुढच्या पेशंटला आत बोलावते. खरं काय घडलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. माझं वागणं होतं तसंच लिहिलं आहे.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या काही सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आणि नर्सेसना तान्ह्या बाळांच्या तोंडाची काळजी शिकवायला मला बोलावलं होतं. बाळाला दात येईपर्यंत दातांचा डॉक्टर त्याला सहसा भेटतच नाही. नर्स भेटते. जन्मताना तीच, लसीला तीच, वजन करायलाही तीच. म्हणून शिकवायचं तर तिला. खर्डा, संगमनेर आणि राजूर असे तीन मुक्काम ठरले होते. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खर्डा

जामखेड सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी उभी होती. हवा कोरडी, ओठ फुटतील अशी. किल्ल्याच्या तटाखाली मेंढ्या बसल्या होत्या आणि एक म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून मोबाईलवर जोरजोरात बोलत होता. मला ते सगळं फार आवडलं. आपण काहीतरी चांगलं करायला आलोय, असं मनात असलं की सगळंच आवडतं.

पत्र्याच्या हॉलमध्ये नर्सेस वह्या घेऊन गप्प बसल्या होत्या. पहिला अर्धा तास मी एकटीच बोलत होते. मग पडद्यावर एका बाळाचा फोटो आला. त्याला वरचे दात आधी आले होते. मी विचारलं, "याला बघून घरात सगळ्यात जास्त कोण घाबरतं?"

"मामा!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. वरचे दात आधी आले की ते मामाला वाईट, असं घरोघरी म्हणतात.

"मामाला सांगा, ते दात भाकरी चावायला आलेत, मामाला चावायला नाही."

हॉल हसला आणि त्यानंतर मोकळा झाला. एकीने हात वर केला. "मॅडम, गुटीत मध घालायचा का न्हाई?"

"वर्षाच्या आत मध अजिबात नाही."

"आन् सासूला कोन सांगनार?"

"तुम्ही. तुम्ही नर्स आहात."

"गावातल्या सासवांना सांगते की मॅडम. मी माझ्या सासूचं इचारतेय."

पुन्हा हशा. माझ्या पुण्यातल्या आया मधाची बाटली परदेशातून मागवतात आणि चोखणीला लावतात, एवढाच काय तो फरक, असं मी म्हणाले. त्यावरही त्या हसल्या. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शिपी आमटी होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा शेजारच्या वयस्कर सिस्टरने न विचारता माझ्या ताटात दही वाढलं. निघताना मी मनाशी ठरवलं, मामाचा विनोद पुढेही ठेवायचा.

संगमनेर

संगमनेरला डॉक्टर जास्त होते आणि माझा लॅपटॉप पडद्याला जोडलाच जाईना. शेवटी मी बाहुली काढली. बाळाला मांडीवर कसं घ्यायचं, ओठ कसा उचलायचा, हे दाखवायला ती आणली होती. पण तिचं तोंड नुसतं रंगवलेलं. एका तरुण डॉक्टरांनी उठून ब्लेडने तिचं तोंड कापून दिलं. त्या फाटक्या तोंडात बोट घालून मी शिकवलं. हात धुवा. समोर आईला बसवा, गुडघ्याला गुडघे लावा, बाळाचं डोकं आपल्या मांडीवर घ्या. लांबून बघून कधीही मत देऊ नका. ओठ उचला, हिरडीवरून बोट फिरवा, कारण डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं.

मामाचा विनोद इथे जास्तच चालला. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्टेजवरच्याच आहात." मी नको नको म्हणाले, पण राजूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होते.

राजूर

अकोले सोडल्यावर देश संपतो. ऊस मागे राहतो, रस्ता वळायला लागतो आणि समोर डोंगर असे येतात की गाडीच्या काचेत मावत नाहीत. भातं निघाली होती. खाचरांत नुसती धसकटं आणि बांधांवर पेंढ्याच्या उडव्या. सकाळी राजूरला उतरले तेव्हा थंडीने बोटं वळेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, ते अगदी तरुण होते, पेढ्यांचा पुडा पुढे केला. दातांच्या डॉक्टरला पेढे देताना ते जरा लाजले. मी दोन खाल्ले.

इथला कार्यक्रम दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी व्याख्यान, दुसऱ्या दिवशी खऱ्या बाळांवर प्रात्यक्षिक. व्याख्यान रंगलं. बाहुली मांडीवर घेऊन मी सगळं दाखवलं आणि मामाच्या विनोदापाशी आले. हसू ओसरायच्या आत दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. पायजमा, स्वेटर, डोक्याला मफलर, आणि छातीशी गोधडीत गुंडाळलेलं एवढंसं बाळ.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, घ्या, तुमच्यासाठीच केस आली."

तो माणूस चपला काढून आत आला. इतक्या बायका बघून त्याने मान खाली घातली. "बहिनीचं हाय," तो म्हणाला. "दात घिऊन जल्मलंय. मामाला वाईट असतं म्हनत्यात. तेवढा काढून टाका."

म्हणजे विनोदातला मामाच चालत आला होता. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मला तो क्षण सोडवला नाही.

"मामा, एवढंसं बाळ आणि एवढे मोठे तुम्ही," मी स्टेजवरूनच म्हणाले. "घाबरू नका, तुम्हाला नाही चावणार ते."

अख्खा हॉल हसला. बाळ रडायला लागलं, त्याचं तोंड उघडलं आणि खालच्या हिरडीवर पांढरा ठिपका मला लांबून दिसला. "बघा," मी सगळ्यांना म्हणाले, "दुधाचाच दात आहे, जरा घाईने आलाय. असा दात काढायची घाई करायची नाही. अंधश्रद्धेपायी तर मुळीच नाही. घरी न्या मामा, काही होत नाही."

तो माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला. काही बोलायला तोंड उघडलं, समोरच्या बायकांकडे पाहिलं आणि मिटलं. मग बाळाच्या तोंडावरून गोधडी ओढून घेऊन तो गेला. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. माझ्या मांडीवर बाहुली होती.

जेवताना त्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्स, सुनंदाताई, माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्या भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहिल्या.

"मॅडम, ते पोरगं दूध नीट ओढत न्हाई असं काल वाडीवरची आशा कार्यकर्ती म्हणत होती. मी आज संध्याकाळी जाणारच होते बघायला. दात हलत होता का हो?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

जन्मतःच आलेला दात कधीकधी इतका सैल असतो की तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याच्या धारेने बाळाची जीभ सोलते आणि मग ते पिणं सोडतं. तसं असेल तर दात काढायचाच असतो. हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे, आणि त्याच सकाळी मी ते पडद्यावर दाखवलं होतं. फक्त बघितलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, आत्ताच जाऊया.

वाडीवर

दुपारीच आम्ही निघालो. गाडी डांबर संपेपर्यंत गेली, पुढे चढण होती. सुनंदाताई साडी खोचून पुढे चालत होत्या आणि मी शहरी बुटांतून घसरत मागे. वर आल्यावर कळसूबाईची रांग समोर निळी उभी होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथे तासभर बसले असते.

घराच्या पुढ्यात सारवलेलं खळं, त्यात भाताची रास. तो माणूस, त्याचं नाव लहानू, पेंढ्या बांधत होता. आम्हाला बघून त्याने हातातली पेंढी पुरी बांधली, ठेवली आणि दुसरी घेतली. त्याची आई हौसाबाई घाईने बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या दिला आणि मला आत घेऊन गेल्या.

आत अंधारात, बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतीण बसली होती. कविता तिचं नाव. पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली. बाळ तिच्या शेजारी पडून बारीक आवाजात कण्हत होतं. मी हात धुतले, तिला बाजेवरून खाली बसवलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघे लावले आणि बाळाचं डोकं मांडीवर घेतलं. बोट लावलं आणि दात आडवा झाला. नुसता कातडीला लटकला होता. जीभ उचलली तर खाली पांढरट, खरवडलेली जखम. बाळाचे ओठ कोरडे होते.

"कधीपासून पीत नाही?"

"परवाधरनं. तोंड लावतंय आन् रडतंय." कविता खाली बघून म्हणाली. मग हळूच पदर सरकवला. स्तनाग्रावर दाताने चिरलेलं होतं, रक्त सुकलेलं होतं. "मलाबी सोसंना. आता आई दूध काढून चमच्यानं घालती, तेबी गिळंना नीट."

"हे तुमच्या दादांनी तिथे का नाही सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तिथं कसं सांगंल दादा? एवढ्या बायांत, डॉक्टरांत, बहिनीचं असलं दुखनं सांगंल व्हय? म्हनून त्यानं मामाचं नाव फुडं केलं. म्हनला, मला खुळा म्हनले तर म्हनू द्यात, दात तर काढतील."

मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. आणि नेमकं त्या वेळी मला आमच्या घरातलं आठवलं. माझ्या मुलीला वरचे दात आधी आले तेव्हा माझ्या आईने माझ्या भावाला चांदीची वाटी आणायला लावली होती. आम्ही सगळे खूप हसलो, फोटो काढले, केक आणला. आमच्या घरी ती हौस होती. या माणसाच्या तोंडी तीच गोष्ट आली, तेव्हा मी तिला अंधश्रद्धा म्हणाले आणि त्याला सगळ्यांसमोर परत पाठवलं.

दात तिथेच हाताने काढता आला असता. पण इतक्या लहान जिवाचं रक्त थांबलं पाहिजे, त्यासाठी जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलेलं असलं पाहिजे. सुनंदाताईंनी ते दिलं असल्याची खात्री दिली, तरी दात काढून बाळाला दवाखान्यात नजरेखाली ठेवणंच शहाणपणाचं होतं. कविता आणि हौसाबाई तयारीला लागल्या. मी बाहेर खळ्यात आले.

"लहानूभाऊ, माझं चुकलं. मी बाळाला हात न लावता बोलले आणि तुमच्यावर विनोद केला. मला माफ करा."

त्याने पेंढीला पीळ दिला. "हितं कशाला म्हनता?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "हितं कोन हसलं हुतं?"

त्याने ती पेंढी बाजूला टाकली आणि पुढची ओढली.

"त्या समद्या सिस्टरी मला वळखत्यात. बाजारला गेलो की भेटत्यात. तुमी जाल पुन्याला."

"तुम्ही चला ना आमच्याबरोबर."

"बहिनीला न्या. मी तिथं यायचो न्हाई."

त्याने बाळाला मात्र स्वतः उतरणीवरून खाली आणलं. दरडीच्या जागी तो आधी पाय रोवायचा, मग बहिणीला हात द्यायचा. गाडीपाशी आल्यावर गोधडी बहिणीच्या मांडीवर ठेवली, दार लावलं आणि मागे न बघता चढण चढायला लागला.

दवाखान्यात मी गॉजच्या तुकड्यात तो दात धरला. घशाकडे पडू नये म्हणून मागे दुसरा गॉज ठेवला होता. ओढावंसुद्धा लागलं नाही. रक्ताचा थेंबभर डाग पडला आणि दाबून धरल्यावर थांबला. बाळ भरपूर रडलं. कविताने दूध काढून वाटीत दिलं, ते त्याने चमच्याचमच्याने घेतलं. दिवेलागणीच्या सुमारास सुनंदाताईंनी त्याला छातीशी धरवलं. ते आधी बिचकलं, तोंड फिरवलं, पुन्हा धरलं, आणि मग त्याच्या गिळण्याचा आवाज यायला लागला. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. मला तिथे उभं राहायचा हक्क वाटेना. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.

राजूर, दुसरा दिवस

सकाळी डॉक्टरांना मी म्हणाले, की प्रात्यक्षिकाआधी मला थोडं बोलायचं आहे. ते म्हणाले, "मॅडम, बाळ ठीक आहे ना? मग जाऊ द्या हो. उगाच ट्रेनिंगचा मूड जातो."

मी बोलले. स्टेजवर नाही, खाली उभी राहून. काल दारात आलेल्या बाळाला मी हात लावला नाही. लांबून मत दिलं. दात लटकत होता, जीभ सोललेली होती, बाळ उपाशी होतं आणि आईला जखम झाली होती. मामांनी बहिणीची लाज राखायला खुळेपणा स्वतःवर घेतला आणि मी त्यांना हसण्यावारी नेलं. "त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वासही नाही," मी म्हणाले. "ते तुम्हाला बाजारात भेटतील, तेव्हा हे लक्षात असू द्या. चूक माझी होती."

कुणी वर बघेना. मग सुनंदाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मीबी हसले हुते. मला तर घर माहीत हुतं त्यांचं." मागच्या बाकावरची एक तरुण नर्स रुमाल तोंडाला लावून बसली होती. बहुधा तीच पहिल्यांदा फिसकन हसली होती. प्रात्यक्षिक झालं. आया बाळं घेऊन आल्या. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही, आणि प्रत्येक नर्सने प्रत्येक हिरडीवरून बोट फिरवलं. त्याचंही श्रेय घ्यावंसं मला वाटलं नाही.

कविताला घरी सोडायची वेळ झाली तेव्हा लहानू आला होता, पण फाटकाबाहेर. मी बाळाला घेऊन तिच्याबरोबर बाहेर गेले.

"पितंय?" त्याने विचारलं.

"पितंय. रात्रभर प्यालं." कविता म्हणाली. "आन् दादा, मॅडम समद्यांम्होरं बोलल्या. तुजं खरं हुतं म्हनल्या. तुजा असल्यावर इस्वास न्हाई म्हनल्या."

लहानूने बाळाला घेतलं. थोडा वेळ गोधडी नीट करत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तसं कशाला सांगितलं? मला भ्या वाटतं की. न्हाई कशाला म्हनू? बहिनीचं दुखनं हुतं, ते आधी. पन भ्या बी वाटतंच." आणि पुढे, "दात कुठं हाय? आईनं सांगितलंय, मामानं पुरायचा."

मी तो टाकून दिला होता. गॉजसकट, दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, कुणालाही न विचारता.

आदल्या दिवशी मी त्याला खुळा ठरवलं होतं आणि आज, माझ्याच समाधानासाठी, शहाणा. दोन्ही वेळा त्याला विचारलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. आत गेले. पिशवी अजून न्यायला आली नव्हती. हातमोजे घालून मी गुडघ्यावर बसले आणि कापूस, पट्ट्या, गॉजचे बोळे एकेक उलगडत गेले. डॉक्टर म्हणाले, "अहो मॅडम, हे काय करताय?" तेवढ्यात सुनंदाताई मोजे चढवून माझ्या शेजारी बसल्या. दात त्यांनाच सापडला. मी तो धुतला, स्वच्छ गॉजवर ठेवला आणि फाटकापाशी नेऊन दिला.

लहानूने बाळ बहिणीकडे दिलं आणि तळहात पुढे केला. तांदळाच्या कणीएवढा तो दात त्याच्या भेगाळलेल्या हातावर दिसेना. त्याने हात उन्हाकडे वळवला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"एवढासाच व्हय?" तो म्हणाला.